एक ठिपका गार करण्याचा उद्योग

२ जानेवारी २००५, रविवार

नकाशा म्हणे! असा ताव प्रेसमध्ये माझ्या टेबलावर आला असता तर छापणाऱ्याला बोलावून त्याच्याच हाताने फाडायला लावला असता.

आमच्या आकाशदर्शन मंडळाचे सचिव पिंगळे सर यांनी आणलेली झेरॉक्स. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातलं एक पान – मिथुन रास आणि शेजारपाजार. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. तारे कुठले आणि काचेवरची घाण कुठली, देवालाही सांगता येऊ नये. 'त्रिभुवन मॅडम, तुमच्यासारखी नजर कुणाकडे नाही. एवढा साफ करून द्या, मग बत्तीस प्रती काढू.' स्तुती केली की काम फुकट होतं, हे क्लास चालवून चालवून त्यांना कळलेलं आहे.

बसले भिंग घेऊन. एकतीस वर्षं हेच तर केलं – डाग, तुटकी रेघ, सरकलेला रंग. दुपारपर्यंत व्हाइटनरने सव्वीस डाग पुसले. एक तर आतून पोकळ निघाला! बाहेर बारीक गोल रेघ, आत शाईचा पत्ता नाही. आम्ही त्याला 'उपाशी ठिपका' म्हणत असू. भरता येत नाही तर छापतात कशाला? पुसला.

कोपऱ्यात सवयीने लिहून गेले: तपासले. निर्दोष. – त्रिभुवन. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, हात अजून नोकरीवरच आहे.

८ जानेवारी, शनिवार

फोटो आला! पहिला, खराखुरा, माझ्या दुर्बिणीतून. रात्री साडेआठला गच्चीवर, दोन स्वेटर घालून.

कॅमेरा म्हणजे संगणकासमोर बसून तोंड दाखवायचा तो. भाची स्नेहा अमेरिकेला जाताना ठेवून गेली – 'मावशी, रोज दिसत जा.' मी त्याची काच उपटली, पोटातली एक तार कापून दुसरीकडे जोडली, आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत बसवून दुर्बिणीला लावला. आता तो अर्धा अर्धा मिनिट डोळा उघडा ठेवतो. माझ्या तोंडापेक्षा त्याला आकाश जास्त मानवलं.

मिथुनेत पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या खालचा भाग घेतला. घरात येऊन नकाशाशी ताडून पाहिला. सगळे तारे आपापल्या जागी, मधले टोकदार डाग सोडून दिले – आणि एक तारा जास्तीचा! नकाशात तिथे कोरा कागद. तीनदा मोजलं. नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून दिसत नाही, नाशिक रोडच्या दिव्यांनी आकाशाचं ताक करून ठेवलंय. पण फोटोत आहे.

झोप येणार नाही आज.

९ जानेवारी, रविवार

हसले. बत्तीसच्या बत्तीस हसले!

पिंगळे सरांनी फोटो पडद्यावर लावला आणि छडीने माझ्या ठिपक्याला टोचलं. 'हा तारा नव्हे. कॅमेरा तापला की त्याचेच काही ठिपके उजळतात. याला हॉट पिक्सेल म्हणतात, मॅडम.' म्हणतात! जसं काही मी इंग्रजी कालच्या बाजारात विकत घेतलंय. सिस्टर अगाथाच्या हाताखाली शिकलेय मी. वर पुढे – 'त्रिभुवन मॅडमना तिन्ही भुवनांत नसलेला तारा सापडला.' यावर तर टाळी पडली.

पिंगळा पहाटे दारावर येऊन भविष्य सांगतो, तो निदान हातात कंदील तरी घेऊन येतो.

मी म्हटलं, 'छापील तावावरचा डाग कुठला आणि नक्षी कुठली, हे मी एकतीस वर्षं ओळखलंय. माझ्या हातून एकही सदोष ताव पुढे गेला नाही.' ते म्हणाले, 'मग कॅमेरा थंड करून काढा. बाहेरदेशी तसंच करतात. थंड कॅमेऱ्यात राहिला तर तारा, गेला तर खोट.'

'राहिला तर तुम्ही इथे उभं राहून माफी मागायची.'

'आणि गेला तर?'

तोंडाला कधी लगाम नव्हताच. 'तर माझी दुर्बीण मंडळाला.'

सगळ्यांना ठाऊक आहे – सहा इंची आरसा मी स्वतः घासलाय. सात महिने. काचेवर काच, मध्ये भुकटी आणि पाणी, पिंपाभोवती गोल गोल चालत. लग्नातही सातच फेरे असतात. मी त्या भानगडीत पडले नाही आणि इथे सात महिने घालत बसले.

१० जानेवारी

दुर्बीण जराशी हलवून दुसरा फोटो काढला असता तर तिथेच निकाल लागला असता म्हणे. तारा ताऱ्यांबरोबर सरकतो, खोट जागची हलत नाही. हे पिंगळे सरांनी आज फोनवर सांगितलं. आज! बाहेर ढग.

१६ जानेवारी

अजून ढग. शिवाय आता चंद्र. पण कळलं ते कळलं – कॅमेरा गार करायचा. कसा?

पहिला प्रयोग: बर्फाची पिशवी कॅमेऱ्याला बांधली. बर्फ विरघळला, पाणी डबीत, डबीतून माझ्या बाहीत. कामाला येणारी ठमाबाई धुणं वाळत घालायला आली होती, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. 'बाई, माठाला वलं फडकं बांधत्यात तसं बांधा.' बांधलं. कॅमेरा गार झाला नाही, त्याला सर्दी झाली.

२३ जानेवारी

प्रेसमध्ये एका तावावर दोन नजरा फिरत. पहिलीने काय पकडलं ते दुसरीला सांगायचं नाही – हा नियम. दुसरी नजर आणायची कुठून? स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती.

स्टुडिओतून फोटोची उलटी प्रत काढून आणली होती, पांढऱ्यावर काळे ठिपके. ठमाबाईसमोर ठेवली. पेठ तालुक्यातली बाई, अक्षर ओळखत नाही, पण खडा तिच्या हातून सुटत नाही. म्हटलं, 'यातले दाणे कुठले, खडे कुठले, सांग.' तिने कागद खिडकीपाशी नेला, काडेपेटीतली काडी घेतली. 'ह्यो खडा. ह्यो बी खडा. ह्यो दाना.'

'कशावरून?'

'खड्याला टोक असतं. दाना मऊ असतो कडंनं.'

माझ्या ठिपक्यावर काडी थांबली. मी श्वास धरला. 'दाना,' म्हणाली, आणि उठून तांदूळ धुवायला गेली.

पाव तास मी हवेत होते. मग आठवलं – पिंगळे सरांपुढे साक्षीदार म्हणून तांदूळ निवडणारीला उभं करायचं? बत्तीस जण पुन्हा हसतील. आणि लाज वाटली – तिची नाही, हा विचार आल्याची.

१ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरचे यादव. अंबडला कारखान्यात टर्नर, त्याआधी बरीच वर्षं फ्रीज दुरुस्त केले. मूळ सटाण्याचे, अहिराणी बोलणारे. बायको गेल्यापासून कुणाचंही काहीही दुरुस्त करून देतात. कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा केला. 'हाई काय शे, मॅडम?' सगळं सांगितलं. पिंगळे सरांसकट. त्यांना कॅमेऱ्यापेक्षा पिंगळे सर चांगले समजले.

मग म्हणाले, 'एक लक्षात ठेवा. फ्रीज गार करतो म्हणजे आतली गरमी मागच्या बाजूने बाहेर फेकतो. गरमी मरत नाही, फक्त जागा बदलते.'

सिस्टर अगाथा पापाबद्दल असंच काहीसं म्हणत.

६ फेब्रुवारी

भद्रकालीच्या भंगारात सापडलं! मोडक्या, गाडीत ठेवायच्या थंड पेटीच्या पोटातून. दोन बोटं लांब, दोन बोटं रुंद पांढरी चकती, दोन तारा – लाल आणि काळी. वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. पेल्टियर नाव. यादव 'बिस्किट' म्हणतात. मीही तेच म्हणणार. संगणकाचा जुना पंखा, त्याखालचा ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा, असाच कुठल्यातरी मेलेल्या संगणकातून. आमची यंत्रणा म्हणजे अवयवदान आहे.

१३ फेब्रुवारी

सभा. पिंगळे सर: 'काय मॅडम, थंडी वाजली का कॅमेऱ्याला?'

मी: 'वाजेल. तुमच्या घामाची वाट बघतोय.'

परवा अमावास्येच्या सुमाराला जुन्याच कॅमेऱ्याने पुन्हा फोटो काढला होता, दुर्बीण हलवून दुसरा काढायच्या आत ढग आले. आता हवा तापायला लागली. तीनेकशे ठिपके! माझा त्यात आहे असं वाटतं. वाटणं म्हणजे तपासणी नव्हे.

२७ फेब्रुवारी

यादवांनी कारखान्यातून तांब्याचा ठोकळा कापून, घासून आणला. एक तोंड कॅमेऱ्याच्या चिपच्या पाठीला, दुसरं बिस्किटाला. मध्ये पांढरी पेस्ट, उष्णता वाहून नेणारी. मी दाताच्या पेस्टसारखी भरपूर लावली. यादव कळवळले. 'मॅडम, पोळीवर तूप नाही लावायचं. पावडरचा हात फिरवतो तसं.' पुसून परत लावली.

६ मार्च

तारा उलट्या जोडल्या. मी. लालच्या जागी काळी. गार व्हायच्याऐवजी कॅमेऱ्याला शेक बसत राहिला आणि मी खाली बसून वाट बघत होते. फोटो उघडला – आकाशात साबुदाणा भिजत घातलाय. यादव वर आले, एक नजर टाकली. 'काय व्हयनं?' मग तारांकडे बघून नुसतेच खोकले. भला माणूस. दुसरा कुणी बोलला असता.

कॅमेरा वाचला. कसा, ते त्याचं त्याला माहीत.

९ मार्च

आज बरोबर! बिस्किटावर ठमाबाईने बोटाने पाण्याचा थेंब सोडला. आम्ही तिघं त्या थेंबाकडे बघत उभे – एक निवृत्त बाई, एक टर्नर, एक धुणंभांडीवाली. भर दुपारी, बाहेर उन्हाचा रखरखाट. थेंब पांढरा झाला.

'बाई! बरफ झाला की वो!' ठमाबाई.

ताप मोजायचा थर्मामीटर लावून पाहिला. पारा जागचा हलेना. बरोबर आहे, त्याला ताप कळतो, थंडी कशी कळणार?

१२ मार्च

कॅमेरा गार होतो. इतका गार होतो की आतल्या हवेतली वाफ चिपवर जमते. फोटोत सगळं धुकं. गार लोटा टेबलावर ठेवला की बाहेरून घाम येतो – तसा. हे पहिलीतल्या पोराला सुचलं असतं. तिघांत मिळून एकालाही सुचलं नाही.

यादव म्हणतात डबी बंद करा आणि आत दमटपणा शोषणारे दाणे घाला. औषधाच्या बाटलीत, बुटांच्या खोक्यात पुडी असते ते.

१५ मार्च

सगळ्या कॉलनीत पुड्या मागत फिरले. लताबाई म्हणाल्या, 'वरणाला लागतात का हो?' त्यांच्या वरणाला काहीही लागलं तरी फरक पडणार नाही, हे ओठांपर्यंत आलं होतं. लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस चालू आहेत म्हणून गिळलं.

दाणे निळे असले की कोरडे, गुलाबी झाले की दमट. भाजले की परत निळे. भाकरीचा तवा घेतला तर ठमाबाई आडवी आली. 'भाकरीच्या तव्यावं नाय. इख असंल तर?' जुनी फुटकी कढई काढून दिली. मुळात घर कुणाचं आहे, हे मी विचारणं सोडलंय.

२५ मार्च

गुड फ्रायडे. होळीही आजच. सकाळी शरणपूरला चर्चमध्ये तीन तास, संध्याकाळी कॉलनीच्या होळीचा धूर गच्चीवर. प्रार्थनेत मन लागलं नाही. दुर्बिणीचं काय होईल, हेच डोक्यात. देवाच्या मुलाला खिळे ठोकताहेत आणि मी आरशाची काळजी करतेय. लिहून ठेवते म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

१ एप्रिल

लोडशेडिंग. संध्याकाळी सात ते साडेनऊ. दिवे जातात, आकाश काळंभोर होतं – आणि बिस्किटाला वीज नसते. दिवे येतात, वीज येते – आकाश जातं. अंधार असेल तेव्हा वीज नाही, वीज असेल तेव्हा अंधार नाही. सरकारने हे मुद्दाम योजलेलं नाही, एवढी अक्कल त्यांना नाही.

यादवांनी ट्रकची बॅटरी खांद्यावरून तीन जिने चढवून आणली. धापा टाकत म्हणाले, 'आता तारास्ले सांगा, पळू नका.'

७ एप्रिल, गुरुवार

डबी बंद. दाणे निळे. तारा बरोबर – चारदा बघितल्या. पंखा फिरतोय. सातला दिवे गेले, पावणेआठला मिथुन पश्चिमेला कलली होती पण स्वच्छ. सगळी कॉलनी अंधारात आणि माझ्या गच्चीवर फक्त पंख्याची भुणभुण.

काढले. बारा फोटो, दर वेळी दुर्बीण जराशी हलवून. इतके सुंदर फोटो मी पाहिले नव्हते. काळी मखमल. खडे गेले – सगळे गेले. राहिले ते तारे, नकाशात असलेले सगळे, आणि नसलेला एकही नाही.

माझा ठिपका नाही.

८ एप्रिल

पुन्हा काढले. नाही.

९ एप्रिल, गुढीपाडवा

कुणाला माहीत आहे? मला आणि यादवांना. यादवांनी पाहिलं, पंख्याचा एक सैल स्क्रू आवळत बसले. जाता जाता म्हणाले, 'बॅटरी उतरली होती, असं सांगता येईल.'

येईल. यंत्रणा जमली नाही, असं म्हटलं तर पिंगळे सर हसतील आणि विसरतील. दुर्बीण माझ्याकडे राहील. हसणं मला नवीन नाही.

पण फोटो टेबलावर पडलाय. प्रेसमध्ये एक नियम होता – खोट ज्याला दिसली त्याने फुली मारायची. दुसऱ्याने मारेपर्यंत थांबायचं नाही. थांबणारेही होते. मी त्यांच्याबद्दल काय काय बोलत असे, ते सगळं आठवतंय.

ठमाबाईला सांगितलं. तिने फोटो बघितला, मग मला. 'दाना होता त्यो. मी निवडलाय.'

'मग गेला कुठे?'

'जगायला गेला आसंल.'

तिच्या गावाकडे पाऊस संपला की माणसं द्राक्षाच्या, कांद्याच्या कामाला खाली उतरतात. त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. 'माजा मालक जातो तवा घरात दिसत नाय. म्हंजी नव्हताच का? पावसाला येतो परत.'

तारे मजुरीला जात नाहीत, ठमाबाई. कडक स्वरात म्हटलं. तिने खांदे उडवले आणि भांडी घासायला गेली. आज जरा जास्तच आवाज करत होती.

१० एप्रिल, रविवार

उभं राहून सांगितलं. फोटो पडद्यावर लावायला दिला. 'ठिपका नाही. खोट कॅमेऱ्याची होती, आणि माझी. दुर्बीण मंडळाची झाली.'

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पिंगळे सरांचा चेहरा उतरला, जिंकलेल्या माणसाचा असा चेहरा पहिल्यांदा पाहिला. 'मॅडम, ते आपलं बोलण्याच्या भरात झालं होतं.' मी म्हटलं, 'माझं नव्हतं.' मग ते चिवटपणे म्हणाले, 'बरं. आणि ती शीतक यंत्रणा?' माणूस सावरायला वेळ लावत नाही!

तीही दिली. माझ्याकडे गार करायला आता काय आहे?

१७ एप्रिल

टेम्पो आला. यादवांनी आरसा चादरीत गुंडाळला, बाळासारखा. गच्चीवर तीन पायांचे तीन डाग राहिलेत. व्हाइटनर चालणार नाही.

३ जुलै

पाऊस. आकाश कुणालाच नाही. समाधान!

१४ ऑगस्ट

स्नेहाचा फोन. 'मावशी, तू दिसत का नाहीस? कॅमेरा बिघडला का?' म्हटलं, 'नाही गं. मंडळाला दान केला.' 'आणि दुर्बीण?' म्हटलं, 'तीही.' 'तू? दान?' माझी ख्याती समुद्रापार पोचलेली आहे.

२ नोव्हेंबर

मंडळाने मला 'ज्येष्ठ मार्गदर्शक' केलं. म्हणजे खुर्ची पुढे आणि काम मागे. यादव म्हणाले, 'नवा आरसा घासा.' डॉक्टर म्हणाले, गुडघे घासलेत तेवढे पुरे.

८ जानेवारी २००६, रविवार

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन. मधल्या भिंतीवर हातभर मोठा फोटो. खाली पाटी – मिथुन रास, ३० डिसेंबर. छायाचित्र: सुनील पिंगळे. दुर्बीण: मंडळाची. शीतक: मंडळाचा. बिस्किटही मंडळाचं, यादवांचा घामही मंडळाचा.

फोटो उत्तम आहे. कबूल. थंड, स्वच्छ, एक खडा नाही.

पर्समधून भिंग काढलं. सवय. पुनर्वसूच्या खाली उतरत गेले –

आहे. तिथेच. कडेने मऊ.

पिंगळे सरांना हाताला धरून आणलं. 'हा कुठला?' त्यांनी बघितलं, शेजारी टांगलेल्या नकाशाकडे बघितलं. 'मॅडम, अजून तेच? नकाशात नाही म्हणजे नाही. शीतक तुमच्याच हातचा, पडला असेल एखादा ठिपका गार करायला कमी.' आणि हसून – 'नकाशा तरी मानाल की नाही? तुम्हीच तपासलाय.'

मूळ पुस्तक कुठलं, ते विचारून घेतलं. वाचनालयात आहे म्हणाले.

यादवांना जिन्यात सांगितलं. ठमाबाईला अजून नाही.

९ जानेवारी

वाचनालय. जाडजूड पुस्तक, तेच पान. पुनर्वसूच्या खाली, त्याच जागी, ठिपका नाही – बारीक पोकळ वर्तुळ. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर खुणांचा खुलासा दिलाय, त्या पानाची झेरॉक्स कुणी काढली नव्हती. भरलेला ठिपका म्हणजे साधा तारा. पोकळ वर्तुळ म्हणजे तेज बदलणारा. काही महिने ठळक, मग इतका मंद की नकाशाच्या बाहेरच जातो. सुमारे वर्षाने परत येतो.

जगायला जातो.

म्हणजे माझा तारा होता. एप्रिलमध्ये गेलेला होता, इतकंच. मग आमच्या नकाशात वर्तुळ का नाही? झेरॉक्सची झेरॉक्स, उडालं असेल. मूळ कागद माझ्या कपाटात आहे. उद्या बघते. आज नको.

१० जानेवारी

नखाने व्हाइटनर खरवडला. खाली वर्तुळ – अखंड, सुबक, मुद्दाम पोकळ. कोपऱ्यात माझंच अक्षर: तपासले. निर्दोष. – त्रिभुवन.

पैज मी जिंकले आहे. पुरावा म्हणून हाच कागद न्यावा लागेल.